गावठाण आणि सोसायट्यांच्या मधला कट्टा कसा बांधावा

जागा नकाशावरून ठरवू नका. वाघोली-हिंजवडीसारख्या वाढलेल्या गावांत जुनी वस्ती आणि नव्या सोसायट्या यांची गाठ मोजक्याच ठिकाणी पडते: रिक्षा थांबा, भाजीचा कोपरा, पिठाची गिरणी. गिरणी सर्वात चांगली, कारण दळण होईपर्यंत थांबावंच लागतं. सोसायटीच्या गेटला चिकटून बांधलेल्या कट्ट्यावर गावातलं कोणी बसत नाही आणि देवळाच्या आवारात नवे भाडेकरू बिचकतात.

आधी फक्कीने आखा आणि शनिवार-रविवार नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवा. लोक त्या कुठे ओढून नेतात ते बघून बैठका ठरवा.

बैठकीची उंची 45 सेंमी, खोली 45 ते 50. लांबलचक सरळ ओळ नको, काटकोन करा. अनोळखी माणसांना त्यात बोलणंही सोपं आणि गप्प बसणंही. एका भागाला पाठ आणि हात द्या, म्हाताऱ्यांना उठताना आधार लागतो. वर शहाबादी टाका. काळा कडप्पा एप्रिलच्या उन्हात चटके देतो.

झाडाभोवती पार असेल तर बुंध्यापासून निदान 1 मीटर माती उघडी ठेवा. हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हेच बजावलं होतं. सलग पाया खणला की मुळं तुटतात, म्हणून सुटे खांब घेऊन त्यांवर फरशी टाका. आत भर घालून माती चढवू नका, बुंधा कुजतो.

कट्टे बहुतेक फसतात ते कब्जामुळे. एकच मोठी बैठक असली की दुचाक्या लावून एक टोळकं ती धरतं आणि बायका फिरकेनाशा होतात. तीन लहान बैठका करा, थोड्या अंतरावर, प्रत्येकीतून दोन बाजूंनी निघता येईल अशा. हायमास्ट नको, 3-4 मीटरवरचे पिवळसर दिवे लावा, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. गाड्या अडवायला रोवलेल्या खुंट्यांत व्हीलचेअरसाठी 90 सेंमी सोडले की दुचाकीही घुसते, त्यामुळे खुंट्यांच्या भरवशावर राहू नका. पार्किंग शेजारीच वेगळं आखून द्या.

गणपतीत मांडववाले फरशी फोडणारच. खांबांसाठी झाकणाचे पाइप फरशी बसवतानाच गाडा.

सूचनांचा फलक मराठीत आणि खाली हिंदीत. 'सौजन्य'वाला फलक टाळता आला तर उत्तम, नाहीतर कट्टा एका गटाचा होतो. झाडलोट कोण करणार आणि दिव्याचं बिल कोण भरणार, हे ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून बांधकामाआधीच लेखी घ्या.