स्पीकरखाली आयसोलेशन स्टँड लावताना या चुका टाळा

नाशिकच्या फ्लॅटमधली नेहमीची मांडणी म्हणजे प्लायवूडचं टीव्ही युनिट आणि त्याच्या दोन टोकांना बुकशेल्फ स्पीकर. आवाज वाढवला की फळीही सोबत वाजू लागते आणि बास गढूळ होतो. स्पीकरची कंपनं फळीत उतरू न देणं, एवढंच आयसोलेशन स्टँडचं, म्हणजे स्पीकरखालच्या मऊ पॅडच्या बैठकीचं, काम. ते जमतं की नाही हे वजनावर ठरतं आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशीनखाली जाड रबरी पॅड असतात. तसलेच पॅड स्वस्तात मिळतात म्हणून स्पीकरखाली सरकवले जातात. पण ते शेकडो किलोंच्या भारासाठी बनवलेले. सहा किलोच्या स्पीकरखाली चार पॅड ठेवले की प्रत्येकावर जेमतेम दीड किलो येतो; रबर दबतच नाही, आणि न दबणारं रबर कंपन अडवत नाही.

हिशेब सोपा आहे. वजनाने पॅड किती मिलिमीटर दबला त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर येतं ती स्पीकर आणि पॅड या जोडीची स्वतःची डोलण्याची फ्रिक्वेन्सी, हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती वेळा डोलते ते). तिच्या साधारण १.४ पटीच्या वरच कंपन अडायला लागतं. पॅड १ मिमी दबला तर १६ हर्ट्झ, म्हणजे २३ च्या वरचं अडेल. तोच ०.०५ मिमी दबला तर ७० हर्ट्झ, आणि मग त्या पट्ट्यातला बास कमी होण्याऐवजी फुगतो. रबराच्या बाबतीत खरा आकडा याहून थोडा वरच असतो, तेव्हा हात राखून निवडा.

म्हणून आधी वजन करा. स्पीकर हातात धरून वजनकाट्यावर उभे राहा, मग रिकाम्या हाताने. फरक म्हणजे स्पीकरचं वजन. ते स्टँडवर दिलेल्या मर्यादेच्या मधोमध यावं. भार जास्त झाला तर रबर पूर्ण चेपतं आणि मऊपणा संपतो.

दुसरी चूक बारीक आहे, पण सगळा खर्च वाया घालवते. स्पीकरची पाठ भिंतीला टेकलेली असते, नाहीतर जाड वायर ताणलेली असते. कंपन त्याच वाटेने निसटतं. स्पीकरभोवती कागद मोकळा फिरला पाहिजे आणि वायरीला सैल झोल हवा.

टोकदार स्पाइक, म्हणजे स्पीकरखाली लावायचे अणकुचीदार पाय, म्हणजे आयसोलेशन नव्हे. ते स्पीकर जमिनीला घट्ट जोडतात, शिवाय व्हिट्रिफाइड टाइलवर ओरखडे पाडतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर तर ते टाळाच. तिथे मऊ पाया जास्त गरजेचा.

मऊ सिलिकॉन पॅड पॉलिशवर तेलकट डाग पाडू शकतात, मध्ये ॲक्रिलिकचा पातळ तुकडा ठेवा. स्टँडने उंची वाढते; ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचा छोटा स्पीकर) सोफ्यावर बसलेल्याच्या कानाच्या रेषेत आहे ना, पाहून घ्या. घरात लहान मुलं असतील तर उंच, निमुळत्या स्पीकरखाली फार मऊ पॅड नकोत.

सगळं करूनही घरघर येत असेल, तर मोबाइलवरच्या टोन जनरेटरने (हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं ॲप) ४० ते १५० हर्ट्झ सावकाश फिरवा आणि शोकेसच्या काचा, फोटोफ्रेम एकेक दाबून बघा. घरघर नसून एकच सूर घुमत असेल, तर तो खोलीचा. १२ फूट लांब खोली ४७ हर्ट्झच्या आसपास घुमतेच, तिथे कुठलाही स्टँड कामाचा नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि सोफा मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या.