ड्रम कोरचा ओपनर ऐकायचा कसा

ड्रम कोरचा कार्यक्रम पहिल्यांदाच बघायला जाणार असाल, तर तिकीट वरच्या मजल्याचं काढा. शक्यतो अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या मधल्या, पन्नास यार्डांच्या रेषेसमोरचं. मी पहिल्या वर्षी हौसेने अगदी पुढच्या रांगेत बसले होते. समोर मरिम्बा आणि व्हायब्राफोन या काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यांची ओळ, शेजारी स्पीकर, त्यांच्यापलीकडे नुसते पळणारे पाय. ओपनर, म्हणजे कार्यक्रमाचा सुरुवातीचा भाग, संपला, आजूबाजूचे लोक उभे राहून ओरडायला लागले, आणि नेमकं काय घडलं ते मला कळलंच नाही. पुढच्या वर्षी वर जाऊन बसले तेव्हा समजलं की मैदानावर माणसांची अख्खी रांगोळी सरकत असते, आणि सूर त्या रांगोळीच्या कोणत्या कोपऱ्यातून उठतो यावर अर्धी गंमत असते.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम कोर म्हणजे मैदानावर चालत वाजवणारं अमेरिकेतलं पथक: पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडेवाले. बासरी-क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. मोठ्या कोरमध्ये जास्तीत जास्त 165 मुलं असतात, बहुतेक कॉलेजच्या वयाची. दहा-बारा मिनिटांच्या एका कार्यक्रमासाठी ती अख्खा उन्हाळा बसने गावोगाव फिरतात. ड्रम कोर्स इंटरनॅशनल या कोरच्या मुख्य संघटनेची पहिली स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, आणि 2009 पासून अंतिम फेऱ्या आमच्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये असतात. माझी लेक शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन नावाचं पितळी वाद्य वाजवते. तिच्यामुळे मी या वाटेला लागले.

पण कान आधीच तयार होता. लग्नाआधी पाच वर्षं मी पुण्यात ताशा वाजवला. नदीपात्रातला सराव, चिखल, ढोलाच्या दोऱ्या ओढून सोललेले तळवे. आमचे पथकप्रमुख नवीन मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: पहिला ठोका सगळेच जोरात मारतात, त्यानंतर कोण कुठे आहे ते मला दाखवा. ओपनर ऐकताना मी अजूनही तेवढंच बघते, आणि तुम्हीही तेच बघा असं माझं सांगणं आहे.

ओपनर म्हणजे कार्यक्रमाची पहिली दोन-तीन मिनिटं. त्यात कुठेतरी सगळं पितळ एकदम फुटतं. त्याला इथली मुलं 'हिट' म्हणतात. सत्तर-ऐंशी पितळी वाद्यं तुमच्याकडे तोंड करून एकदम वाजली की अंगावर काटा येणारच. तो येऊ द्या, पण आवडता ओपनर त्यावर ठरवू नका. ठरवायचं ते पुढच्या आठ-दहा सेकंदांवर. एवढ्या मोठ्या आवाजातून बाहेर कसं पडतात? काही कोर आवाज एकदम कापतात आणि मागे एकटा स्नेअर, म्हणजे कडकडीत आवाजाचा छोटा ढोल, ऐकू येत राहतो. काही जण तो आवाज धरून ठेवतात आणि त्याच्या खालून ट्यूबाचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याचा, दुसराच सूर वर आणतात. काहींना मात्र बाहेर पडायची वाटच सापडत नाही, मग ते झेंडे फेकतात आणि दुसरा हिट मारतात. हे तिसरं ज्या ओपनरमध्ये दिसेल तो माझ्या यादीतून गेला, मग प्रेक्षकांनी कितीही टाळ्या वाजवोत.

जुनी रेकॉर्डिंग्ज मिळवून हे घरी तपासता येतं. मी सुरुवात गारफिल्ड कॅडेट्स या कोरच्या 1983 च्या ओपनरपासून करायला सांगते. रॉन नेल्सनची 'रॉकी पॉइंट हॉलिडे' ही रचना मुळात कॉन्सर्ट बँडसाठी आहे, त्यात बासरी-क्लॅरिनेटच्या भराभर धावणाऱ्या ताना आहेत. या मुलांकडे त्या वेळी दोनच व्हॉल्व्हचे, म्हणजे सूर बदलायच्या दोनच कळांचे, ब्युगल होते, तिसरा व्हॉल्व्ह नियमात यायला 1990 उजाडलं. अशा वाद्यांवर त्यांनी ती घाई वाजवली, आणि वाजवताना मैदानभर धावले. त्या वर्षी ते पहिल्यांदा विजेते झाले, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या कोरला मिळालेलं ते पहिलंच विजेतेपद. मला त्या ओपनरमध्ये आवडतो तो हलकेपणा. एवढं अवघड वाजवूनही कुठे जोर लावलेला ऐकू येत नाही.

त्याच्यासमोर फँटम रेजिमेंटचं 1989 ठेवा. सगळा कार्यक्रम द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीवर, आणि गणवेश पांढरेशुभ्र. मूळ सिंफनीची सुरुवात दबक्या आवाजात आहे, आणि अशा शांततेवर उभं राहायला या कोरला कधीच भीती वाटलेली नाही. त्या वर्षी ते दुसरे आले, सांता क्लारा व्हॅनगार्ड पहिले. व्हॅनगार्डचाही 'फँटम ऑफ द ऑपेरा' उत्तमच. तरी माझं मत फँटम रेजिमेंटला. एकामागोमाग एक ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा. असं जोडीजोडीने ऐकलं की स्वतःची आवड लवकर कळते. पन्नास ओपनर सलग ऐकले तर सगळे सारखेच वाटायला लागतात.

नव्यातलं एक हवं असेल तर ब्लूकोट्सचं 2014 चं 'टिल्ट'. त्या कार्यक्रमात अख्ख्या आवाजाचा सूर घसरगुंडीवरून खाली यावा तसा वाकवला होता. इलेक्ट्रॉनिक वाद्यांना 2009 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा जुने लोक फार हळहळले होते. त्यांचं दुःख मला समजतं, पण 'टिल्ट' ऐकल्यावर त्या परवानगीबद्दलचा माझा राग गेला.

आता कानाचं थोडं शास्त्र, कारण ते कळलं की मुलांबद्दलचा आदर दुप्पट होतो. मैदान शंभर यार्डांचं. मध्यापासून कडेपर्यंत पन्नास यार्ड, म्हणजे जवळजवळ 46 मीटर. आवाजाला तेवढं अंतर कापायला साधारण 0.13 सेकंद लागतात. ओपनरची लय मिनिटाला 180 ठोक्यांची असेल तर एक ठोकाच 0.33 सेकंदांचा. म्हणजे कडेचा मुलगा मधल्या स्नेअरचं ऐकून वाजवायला गेला, तर एक तृतीयांश ठोक्याहून जास्त मागे पडतो. म्हणून लांबच्या मुलांनी कानापेक्षा डोळ्यांवर, ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून हातांनी लय दाखवणाऱ्याच्या, हातांवर विश्वास ठेवायचा असतो. ड्रम मेजर स्वतः मधल्या स्नेअरवाल्याच्या पायांकडे बघत असतो. आणि अगदी पुढे, मरिम्बांपाशी उभी असलेली मुलं मागून येणारा आवाज ऐकून त्यावर वाजवतात. लक्ष्मी रोडवर मिरवणूक लांबली की शेवटचा ढोल मागे ओढल्यासारखा वाजतो ना, तोच प्रश्न. इथे तो न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाच्या मुलांनी आकडेमोड करून सोडवलाय.

हे मैदानावर ऐकायची युक्ती अशी. दुसऱ्यांदा ऐकताना एकच गट धरा. मी बास ड्रम धरते. पाच मुलं, पाच आकारांचे ढोल, प्रत्येकाच्या वाट्याला तुकड्यातुकड्याने ठोके. पाचही जण मिळून एक ओळ वाजवतात, आणि एक जण जरा चुकला की त्या ओळीला भोक पडतं. बाकी सगळं विसरून दोन मिनिटं ती ओळ ऐका. ओपनर घट्ट बसलाय की नाही ते तिथे लगेच कळतं.

आणखी एक. बहुतेक कोर मे महिन्याच्या शिबिरात ओपनर सगळ्यात आधी बसवतात. त्यामुळे जूनच्या शेवटी पहिल्या स्पर्धांमध्ये ओपनर बऱ्यापैकी स्वच्छ असतो आणि शेवटचा भाग कच्चा. ऑगस्टपर्यंत ओपनर बदलत राहतो. एखादा हिट चार ठोके पुढे सरकतो, एखादा एकल भाग गळतो. मी वहीत तीनच गोष्टी लिहिते: पहिल्या आवाजाआधी किती शांतता होती, पहिला हिट कितव्या सेकंदाला आला, आणि त्यानंतर कोण एकटं राहिलं. जूनचं पान आणि ऑगस्टचं पान शेजारी ठेवलं की शिकवणाऱ्यांनी कुठे विचार बदलला ते दिसतं. परीक्षकांच्या शंभर गुणांत एकूण परिणामाला 40, दृश्याला 30 आणि संगीताला 30 असतात, पण वहीचे गुण मी वेगळे देते.

आणि पार्किंग चुकवू नका. कार्यक्रमाआधी तासभर मुलं स्टेडियमबाहेर सराव करतात, आणि तुम्ही हातभर अंतरावर उभे राहू शकता. फक्त त्यांच्या अर्धगोलाच्या आत जाऊ नका आणि फ्लॅश मारू नका. मागच्या जूनमध्ये एका शाळेच्या मैदानामागे मी अशीच उभी होते. डांबर तापलेलं, मुलांच्या मानेवर पट्ट्यांच्या जागी गोऱ्या रेघा, स्नेअरवाल्यांच्या काठ्यांना पांढरी टेप, टेपच्या कडा काळ्या पडलेल्या. सुरू करण्याआधी सगळे तोंडाने 'डट, डट, डट' म्हणत होते. आम्ही ताशाचे बोल तोंडाने घोकायचो ते मला तिथेच आठवलं, आणि डोळे भरून आले. पलीकडे पितळवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि ओपनरचा पहिला सूर नुसता गुणगुणला. सत्तर-ऐंशी गळे, ओठ मिटलेले. मग तोच सूर वाद्यांवर. ट्यूबांच्या मागे उभं राहिलात तर तो बरगड्यांत ऐकू येतो, मी तिथेच उभी राहते.

नंतर कुणीतरी हात वर करतो, सगळे गप्प होतात आणि रांगेने मैदानाच्या दाराकडे निघतात. तुम्हीही लगेच निघा. सोबत पाण्याची बाटली आणि वही ठेवा. ती मुलं आत पोचायच्या आधी तुम्हाला जिने चढून वर पोचायचंय.