वीज जाताच संप उतू जातो, तेव्हा

संप म्हणजे मत्स्यटाकीखालची गाळणीची टाकी. तिच्यातलं पाणी वर मुख्य टाकीत चढवणारा रिटर्न पंप थांबला तरी पाणी थांबत नाही. पंपाच्या नळीचं मुख्य टाकीतलं तोंड जेवढं खोल, तेवढं पाणी सायफनने उलटं संपमध्ये उतरतं. ९० × ४५ सें.मी.च्या टाकीत १ सें.मी. पातळी म्हणजे सुमारे ४ लिटर. तोंड ५ सें.मी. खाली असेल तर २० लिटर, शिवाय ओव्हरफ्लोमधलं (मुख्य टाकीतलं जादा पाणी खाली संपमध्ये सोडणारी वाट) आणि पाइपांतलं वेगळं.

तोंड वर आणा, नाहीतर पातळीच्या किंचित खाली नळीला ५-६ मि.मी.चं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते, सायफन तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, गोगलगायही नेमकी तिथेच जाऊन बसते. दर आठवड्याला काडी घालून पाहा. चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर राहू नका, चुन्याचा थर बसला की तो पुरता मिटत नाही.

आता मुद्दाम पंप बंद करा. पाणी स्थिरावल्यावरही संप काठोकाठ भरता कामा नये. भरत असेल तर पाणी काढा, पंप चालवा आणि संपमधल्या चालू पातळीवर खूण करा. यापुढे पंप चालू असताना पाणी त्या खुणेच्या वर नको.

सुरू होताना पंप नुसताच गुणगुणला, तर प्लग काढून इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) निम्म्या व्हिनेगर-पाण्यात तासभर बुडवा, ब्रशने घासून धुवा.