डोंगर पेटलेला दिसला तर काय करायचं (कोल्हापूरकरांसाठी)

फेब्रुवारी लागला की पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, राधानगरी, आंबा, सगळीकडं गवत वाळून खडखडीत होतं आणि मग एखाद्या रात्री डोंगरावर लाल रेघ दिसते, आपण फोटो काढतो, स्टेटसला टाकतो आणि जेवायला जातो. स्टेटस नंतर टाका की, आधी १९२६ लावा. वनविभागाची हेल्पलाइन आहे, टोल फ्री. आग वस्तीला किंवा गोठ्याला लागून असेल तर ११२ किंवा १०१ पण लावा, पण बंब काय डोंगर चढत नाही हे ध्यानात ठेवा.

फोनवर "तिकडं डोंगराला आग लागलीय" एवढ्यानं भागत नाही. जवळचं गाव कुठलं, तिथली माणसं त्या डोंगराला काय म्हणतात, आग वर चढतीय का बाजूला सरकतीय, आणि गाडी कुठवर जाते. हे शेवटचं सगळे विसरतात, आणि येणाऱ्या माणसांना नेमकं तेच पाहिजे असतं, कारण तिथनं पुढं ब्लोअर (हवेच्या झोतानं आग विझवायचं यंत्र) पाठीवर घेऊन चालतच जायचंय.

आता सॅटेलाइटचं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था सॅटेलाइटनं आगीचे ठिपके पकडते, ते जंगलाच्या हद्दीशी ताडून बघते आणि खाली वनरक्षकापर्यंत मेसेज पाठवते. त्यांच्या वन अग्नी पोर्टलवर नाव नोंदवलं की आपल्याला पण अलर्ट येतात. नासाचा फर्म्स नकाशा, म्हणजे सॅटेलाइटनं पकडलेल्या आगींचे ठिपके दाखवणारी वेबसाइट, तर कुणीही उघडून बघू शकतो, फुकट आहे. पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो, आग त्यात कुठंही असू शकते. हे सॅटेलाइट आपल्यावरनं साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात, म्हणजे चारला पेटलेलं रान नकाशावर यायला मध्यरात्र उलटते, तोवर निम्मा डोंगर गेलेला असतो. आणि आपल्याकडची खरी गंमत म्हणजे उसाचं पाचट! तोडणीच्या हंगामात नदीकाठच्या सपाटीला ठिपके दिसले तर घाबरू नका, तो वणवा नव्हे, फड पेटवलाय कुणीतरी. (तेही बरं नाही, पण तो वेगळा विषय.)

वरून कुमक येईल म्हणून वाट बघत बसू नका. अमेरिकेत बॉयसी शहरात वणव्यांसाठीचं राष्ट्रीय केंद्र आहे, देशभरातल्या आगी बघून १ ते ५ अशी तयारीची पातळी ठरवतात आणि एका राज्यातली पथकं, विमानं दुसरीकडं पाठवतात. आपल्याकडं हाताबाहेर गेलं तरच एनडीआरएफ किंवा हवाई दल येतं, २०२४ ला नैनितालला हेलिकॉप्टरनं भीमतालचं पाणी उचलून टाकलं तसं. एरवी वनरक्षक, हंगामी मजूर आणि गावातली पोरं, एवढीच फौज.

मदतीला जायचं असेल तर वनरक्षकाला विचारूनच, एकटं अजिबात नाही. अंगात सुती फुल बाह्या, पायात बूट, नायलॉनचा ट्रॅकसूट घालून कुणी येऊ नका, तो वितळून अंगाला चिकटतो. आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहायचं नाही, चढावर ती माणसापेक्षा जोरात पळते. मागनं आणि बाजूनं ओल्या डहाळ्यांनी झोडपत यायचं. वारा फिरला तर जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यात शिरायचं, तिथं परत पेटायला काही उरलेलं नसतं.

"गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं उगवतं" म्हणत काडी लावणारा दिसला तर भांडत बसू नका, गपचूप १९२६ लावा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि राधानगरी अभयारण्यात तर वन्यजीव कायदा पण लागतो.

विझली म्हणून लगेच खाली उतरू नका. बुंधे आणि वाळकी खोडं आतनं धुमसत असतात, सकाळचं वारं सुटलं की परत पेटतं. दोघंतिघं थांबा, धूर दिसेल तिथं माती टाका.