शेतावर कॅम्पिंग सुरू करायचंय? तंबू सगळ्यात शेवटी घ्या

इंदूरहून खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे किंवा महूच्या आसपास ज्यांची चार-पाच एकर जमीन आहे, त्यांच्या घरी हल्ली एक विषय हमखास निघतो: नुसतं सोयाबीन आणि गहू किती दिवस करायचं? पावसाळ्यात दर रविवारी पाताळपाणी, तिंछा, चोरल अशा सहलीच्या ठिकाणांकडे गाड्यांची रीघ लागते. मग आपल्या आंब्याखाली चार तंबू ठोकायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. फक्त बहुतेक जण आधी तंबू विकत घेतात आणि बाकीचं मागाहून बघू म्हणतात. आम्हीही तेच केलं होतं.

आधी माती बघा. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्याच ऑगस्टमध्ये पाहुण्यांच्या दोन गाड्या आमच्या बांधाजवळ अर्ध्या चाकापर्यंत रुतल्या. शेजारचा ट्रॅक्टर घेऊन आला आणि साखळी बांधताना हसत म्हणाला, "भैया, काली मिट्टी है, पकड़ेगी तो छोड़ेगी नी." तंबूंत पाणी शिरलं ते वेगळंच.

तेव्हा शेतातला उंचवटा निवडा. तंबूच्या जागी वरची नऊ इंच माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोका. चौघांच्या तंबूला बारा बाय बारा फुटांचा चौथरा पुरतो. दर दहा फुटांना दोनेक इंच ढाळ द्या आणि भोवती चर खणून त्याचं तोंड नाल्याकडे काढा. गाड्यांची जागा आणि आत येणारी वाटही मुरमाचीच हवी. हे सगळं मे महिन्यात उरकायचं, कारण जूनच्या मध्यानंतर मुरमाचा डंपर शेतात येऊच शकत नाही. ठोकलेल्या मुरमात तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाकतात. लोहाराकडून 10 मिलिमीटरच्या सळईचे दीड फुटी खुंटे करून घ्या, वरचं टोक वाकवून. त्यांवर लाल चिंधी बांधा, नाहीतर रात्री कुणीतरी अडखळणारच.

आता संडास. पाहुणा तंबूतली गादी विसरतो, पण संडास विसरत नाही. सेप्टिक टँक कुणीही बांधून देतो, खरी गोम शोषखड्ड्यात आहे. आमच्या गवंड्याने तो काळ्या मातीतच खणला आणि पहिल्या पावसात पाणी उलटं वर आलं. ओली काळी माती पाणी मुरूच देत नाही. म्हणून खालचा मुरूम लागेपर्यंत खणा, मग परीक्षा घ्या: तळाशी वीतभर रुंदीचा लहान खड्डा करा, तो रात्रभर पाण्याने भिजवा, सकाळी पुन्हा भरून घड्याळ लावा. पाणी 25 मिलिमीटर उतरायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागला, तर तिथे शोषखड्डा करू नका, जागा बदला. विहीर किंवा बोअरपासून तो कमीत कमी 18 मीटर लांब हवा. पिण्याचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. कधीतरी पाहुणा विचारतोच, आणि कागद दाखवला की विषय संपतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. शेतजमिनीवर पैसे घेऊन लोक ठेवायचे तर डायव्हर्जन (जमिनीचा वापर शेतीऐवजी दुसऱ्या कामासाठी बदलणं) लागेल का, हे पटवारी आणि तहसीलला आधीच विचारा. मध्य प्रदेश टुरिझम बोर्डाकडे फार्म स्टेची नोंदणी होते, तीही बघा. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र वहीत नोंदवा, ओळखीचा असला तरी.

रात्रीची काळजी वेगळी. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार, सुखद रात्रींचं कौतुक पाहुणे ऐकून असतात, पण जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो हे त्यांच्या लक्षात नसतं. माणशी दोन रजया ठेवा. पावसाळ्यात साप निघतात. चौथऱ्याभोवतीचं गवत कापलेलं ठेवा, लाकडांचा ढीग तंबूपासून दूर रचा, संडासाच्या वाटेवर दिवा लावा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटी-व्हेनम) असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते आधीच विचारून ठेवा. शेकोटी फक्त दगडांच्या गोलात, शेजारी पाण्याचा ड्रम. गहू निघाल्यावर शेतात नरवाई (कापणीनंतर उरलेली खुंटं) वाळलेली असते, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे शेकोटी बंद. पाहुणे कुरकुरतात, कुरकुरू द्या.

जेवणात पनीर टिक्क्याचा हट्ट नको. कंड्यांवर (गोवऱ्यांवर) भाजलेले बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, डाळ, लसणाची चटणी, सकाळी पोहे-जिलबी. एवढ्यासाठी लोक पुन्हा फोन करतात. ओला-सुका कचरा वेगळा टाकायची सवय इंदूरकरांना घरूनच असते, तुम्ही फक्त डबे ठेवा.

हे सगळं झाल्यावर तंबू घ्या, तेही आधी दोनच. पहिली रात्र भाचे-पुतणे बोलवा, भर पावसात, आणि स्वतःही तंबूतच झोपा. पहाटे तीनला संडासाला जाताना पाय कुठे भिजला ते आठवणीने वहीत लिहून ठेवा. आमच्या यादीत अकरा गोष्टी निघाल्या, त्यातली पहिली होती: दाराशी चप्पल ठेवायला कोरडी फरशी.