हद्दपारी थांबवायची तर आधी फाइल, मग मोर्चा

पहिला फोन सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला करा. पिटिशन, पोस्टर, मोर्चा हे सगळं त्यानंतर. मी शेफील्डमध्ये बाहेरून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. इराकी कुर्दिस्तानातून लहान वयात एकटाच आलेला माझ्या वर्गातला एक पोरगा परत पाठवला जाणार असं दिसलं, तेव्हा आम्ही काही जणांनी त्याच्यासाठी मोहीम चालवली. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, कारण पुढे येईलच. आता इथल्या मराठी मंडळींचे अधूनमधून फोन येतात. मुलाच्या फुटबॉल टीममधला कुणीतरी, शेजारच्या फॉस्टर घरातला कुणीतरी अठराचा झाला, होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, आश्रय द्यायला नकार दिला, आता करायचं काय? हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला द्यायला नोंदणी लागते. नोंदणीशिवाय कुणी हे काम चालवलं तर तो गुन्हा आहे, फुकट केलं म्हणून सुटका नाही. तेव्हा त्या पोराने आपल्या जबाबात काय लिहावं हे तुम्ही सांगायचं नाही. तुमचं काम तारखा सांभाळायचं. नकाराच्या पत्रानंतर अपिलाला जेमतेम १४ दिवस मिळतात, म्हणून आलेला प्रत्येक कागद पाकिटासकट जपून ठेवा आणि त्याच दिवशी फोटो काढून वकिलाला पाठवा. आश्रयाच्या दाव्याला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, पण हातात वेळ असलेला वकील मिळणं अवघड. पाच-सहा ठिकाणी नकार ऐकायची तयारी ठेवा आणि फोन तुम्हीच लावा. त्या पोराच्या इंग्रजीवर आणि बॅलन्सवर सोडू नका. २०२४ मध्ये आश्रय मागणाऱ्याला खर्चाला आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत होते आणि नोकरीला बहुतेकांना बंदी असते. गोळा केलेल्या पैशातला पहिला पैसा बसभाड्यासाठी ठेवा.

अपील फेटाळलं म्हणून सगळं संपत नाही. नवा, आधी न तपासलेला पुरावा असेल तर पुन्हा अर्ज करता येतो. इराकचंच घ्या. तिथलं नागरी ओळखपत्र नसलेल्या माणसाला देशातल्या देशात सुरक्षित फिरताही येत नाही, हे ट्रिब्युनलने, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, २०२२ च्या निकालात मान्य केलं आहे. आमच्या पोराचा मुद्दा नेमका तिथे होता. तो वकिलाने शोधला. आम्ही काय केलं, तर तो मांडायला त्या वकीलबाईला वेळ आणि कागद मिळवून दिले. माझ्या मते मोहिमेचं खरं काम एवढंच असतं.

कागदांत सगळ्यात मोलाची असतात ओळखीच्या लोकांची पत्रं, आणि लोक नेमकी तीच वाईट लिहितात. ‘तो अतिशय गुणी व होतकरू मुलगा असून त्याला न्याय मिळावा’ या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. आमच्याकडे आलेलं सगळ्यात चांगलं पत्र त्याला सांभाळणाऱ्या फॉस्टर आईचं होतं. पहिले काही महिने तो दिवा लावून झोपायचा, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कचऱ्याचे डबे तोच बाहेर काढायचा, कॉलेजात प्लंबिंग शिकायला लागल्यावर घरातला गळका नळ त्यानेच बसवला, आणि आजही पोलिसांची गाडी दिसली की तो रस्ता ओलांडतो. एकही विशेषण नाही. न्यायाधीशाला त्यातून माणूस दिसतो आणि इथे रुजलेलं आयुष्यही दिसतं. युरोपीय मानवाधिकार कराराच्या कलम ८ खाली खाजगी आणि कौटुंबिक आयुष्याचा मुद्दा मांडायचा तर हेच लागतं. तुम्ही लिहाल त्या पत्रात पूर्ण नाव, पत्ता, तुम्ही इथे व्हिसावर राहता की नागरिक म्हणून, त्याला कधीपासून आणि कसं ओळखता हे लिहा, सही-तारीख घाला, ओळखपत्राची प्रत जोडा. जे स्वतः पाहिलं नाही ते लिहू नका. पत्रातली एखादी तारीख त्याच्या जबाबाशी जुळली नाही, तर होम ऑफिसचा प्रतिनिधी तेवढ्यावरच बोट ठेवतो. म्हणून सगळी पत्रं आधी सॉलिसिटरकडे, मग बाहेर.

आता नावाचं. त्याचा फोटो, गाव, घरच्यांची नावं यातलं काहीही तो स्वतः ‘चालेल’ म्हणेपर्यंत आणि वकिलाने होकार देईपर्यंत कुठेही टाकायचं नाही. फेसबुक त्याच्या गावातही वाचतात. आमच्या पोराला घरी राहिलेल्या धाकट्या भावाची धास्ती होती, म्हणून आम्ही पेपरवाल्यांकडे गेलो नाही. काहींना ते पटलं नाही. पण जीव त्याचा आहे, ठरवणारही तोच.

उघडपणे लढायचं ठरलंच, तर ग्लासगोच्या ड्रमचॅपल हायस्कूलमधल्या मुलींचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. २००५ मध्ये त्यांच्या कोसोव्होतून आलेल्या रोमा मैत्रिणीला पहाटेच्या धाडीत कुटुंबासकट उचललं. या शाळकरी मुलींनी सह्या गोळा केल्या, थेट स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरला जाऊन जाब विचारला, आणि ते कुटुंब ग्लासगोला परत आलं. त्यांच्यातली एक, रोझा सालेह, स्वतः कुर्दिस्तानातून आलेली. २०२२ मध्ये ती ग्लासगोची नगरसेविका झाली. त्यांचं बळ कशात होतं? त्या रोज तिच्याशेजारी बसत होत्या. जगभरातून आलेल्या हजारो सह्यांपेक्षा तुमच्या पोराच्या वर्गाच्या, चर्चच्या, मशिदीच्या, गल्लीच्या दोनशे सह्या खासदाराला जास्त कळतात.

खासदार म्हणजे तो राहतो त्या मतदारसंघाचा. पत्रात पोस्टकोड आणि होम ऑफिसचा संदर्भ क्रमांक हवाच, शिवाय त्याने सही केलेलं संमतिपत्र. शक्य असेल तर खासदाराच्या भेटीच्या वेळेला त्याला घेऊनच जा. मराठी माणसं इथे बिचकतात, ‘आपण व्हिसावर, आपल्याला काय अधिकार?’ अहो, भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्या प्रौढ माणसाला संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे! नाव नोंदवा आणि त्याच पत्त्यावरून खासदाराला लिहा. मात्र हद्दपारीच्या गाडीपुढे आडवं पडणं, विमान उडू नये म्हणून आत उठून उभं राहणं हे व्हिसावर असलेल्यांनी करू नये. अटक झाली आणि शिक्षा लागली तर तुमचाच अर्ज अडेल. तुम्ही पत्रं लिहा, जेवण पोचवा, गाडी चालवा.

धोका असतो तो हजेरीच्या दिवशी, म्हणजे ठरलेल्या तारखेला होम ऑफिसच्या कचेरीत हजर व्हायचं असतं त्या दिवशी, कारण पुष्कळ जणांना तिथेच ताब्यात घेतात. शेफील्डमध्ये हजेरी व्हल्कन हाउसला असते. त्याला एकट्याला कधीच पाठवू नका. आत जाताना त्याने मेसेज करायचा, बाहेर आल्यावर करायचा, आणि ठरलेल्या वेळेत आला नाही तर बाहेर थांबलेल्याने लगेच सॉलिसिटरला फोन लावायचा. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून खिशात द्या. डिटेन्शनमध्ये कॅमेऱ्याचा फोन काढून घेतात, साधा फोन देतात, आणि पाठ नसलेला नंबर गेला तो गेलाच. औषधं चालू असतील तर तीही बरोबर द्या.

धरलंच, तर कुठल्या सेंटरला नेलं ते आधी काढा. हीथ्रोजवळ हार्मंड्सवर्थ आणि कोलनब्रुक, गॅटविकजवळ ब्रुक हाउस. तिथे आत मोफत कायदेशीर सल्ल्याची छोटी भेट मिळते, तिच्यासाठी त्याला पहिल्याच दिवशी नाव नोंदवायला सांगा. ट्रिब्युनलकडे जामिनाचा अर्ज करता येतो, आणि ‘बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज’ ही संस्था त्यात मदत करते. जामिनासाठी राहायचा पत्ता लागतो. कुणाची खोली रिकामी असेल तर ती आजच विचारून ठेवा. विमानाची तारीख मिळाली तर ते रोखायचा हुकूम न्यायालयच देऊ शकतं. विमान कंपनीला, मंत्र्याला पत्रांचा भडिमार जरूर करा, पण त्या रात्री वकिलाला हवा असलेला कागद शोधून देणारा एक माणूस फोनजवळ जागा हवा.

आमचा पोरगा जामिनावर बाहेर आहे, नवा अर्ज प्रलंबित आहे आणि हजेरी चालूच आहे. पुढची तारीख आमच्यापैकी चौघांच्या फोनमध्ये आहे, कुणाला सुट्टी मिळाली नाही तर दुसरं कुणीतरी असावं म्हणून. तुम्हीही पहिल्याच बैठकीत ही पाळी लावून घ्या.