कोल्हापूरकरांनी चीज टेस्टिंगला जाताना

मुंबईत चीज टेस्टिंगची फेरी बुक केली, की कोल्हापुरातून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. पण निघताना तांबडा रस्सा वाट्यांवर वाट्या आणि दादरला उतरल्या उतरल्या दोन कडक चहा, असं झालं तर फेरीचे पैसे वाया. तिखटानं आणि चहाच्या तुरटपणानं जीभ बधिर असते, आणि चीजमध्ये चव कमी, वास जास्त. आदल्या रात्री साधं जेवा. सकाळी इडली किंवा पोहे चालतील, पण फेरीआधी दोन तास चहा, तंबाखू, अत्तर काही नको. उपाशीही जाऊ नका. सहा-आठ प्रकारांचे १५-२० ग्रॅमचे तुकडे म्हणजे शे-दीडशे ग्रॅम चीज पोटात जातं, आणि ते जड असतं.

बुक करतानाच रेनेटचं विचारून घ्या. दूध गोठवायला पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पार्मिजानो रेज्जानो या अस्सल इटालियन कडक चीजला तर दुसरं चालतच नाही. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका पाहूनच घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिला कच्च्या दुधाचं आणि ब्रीसारखं मऊ, पांढऱ्या बुरशीचं चीज देऊ नका, लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो. दूध पचत नसेल तर मुरलेलं कडक चीज बहुधा सोसतं, कारण त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळजवळ उरत नाही.

क्रम असा: ताजं मोझरेला, मग ब्री, मग गूडा, मग जुनं चेडार नाहीतर पार्मिजानो, आणि निळं, म्हणजे निळ्या बुरशीचं चीज, अगदी शेवटी. निळं आधी खाल्लं की त्याचा खारटपणा आणि बुरशीचा झणका तोंडात बसतो, पुढचं सगळं मेणासारखं लागतं. गाइड घाईत असेल तरी यावर अडून बसा. थंडगार तुकडा पुढ्यात आला तर वीस-तीस मिनिटं थांबा. गोठलेली चरबी वास सोडत नाही. मुंबईच्या उकाड्यात त्याहून जास्त नको, तेल सुटतं.

खाताना आधी वास, मग बोटांत दाबून पाहणं, मग जिभेवर ठेवून तोंड मिटायचं आणि श्वास नाकानं सोडायचा. खरी चव तेव्हा कळते. मधे साधं पाणी, सफरचंदाची फोड किंवा बिनमसाल्याचा पाव. पार्मिजानोत दाताखाली कचकच लागली तर मीठ समजू नका, ते टायरोसिनचे, म्हणजे प्रथिनातल्या एका घटकाचे, खडे. चीज नीट मुरल्याची खूण. ब्रीचं पांढरं साल खायचं, गूडाचं मेण सोलून टाकायचं. ब्रीला अमोनियाचा हलका वास आला तर उघडं ठेवा, जातो. नाकात झोंबत असेल तर विकत घेऊ नका.

गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दूध पिणाऱ्याची नजर इथं कामी येते, पण अर्धीच. म्हशीच्या दुधात कॅरोटीन नसल्यासारखंच, म्हणून इटलीतलं अस्सल म्हशीचं मोझरेला पांढरंशुभ्र. गाईच्या चीजवर पिवळी झाक. चेडारच्या नारिंगी रंगाला मात्र फसू नका. तो अन्नाटोच्या बियांचा, दुधाचा नव्हे.

परतीच्या रात्रभराच्या गाडीसाठी कडक चीजच घ्या, शंभर-दीडशे ग्रॅमचे तुकडे, बटर पेपरमध्ये गुंडाळून, डब्यात, बर्फाच्या पाकिटासोबत. प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलं तर घाम सुटून चिकट होतं. घरी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन-चार आठवडे टिकतं. निळं आणायचंच असेल तर वेगळ्या डब्यात. त्याची बुरशी शेजारच्या तुकड्यावर चढते.